अर्धाच परिच्छेद

कॅथलिक कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात, २२४१ नंबरचा एक परिच्छेद आहे. अमेरिकेत सध्या या एका परिच्छेदाची जेवढी ओढाताण चाललीय तेवढी बाकी कुठल्याच परिच्छेदाची होत नसेल. पहिल्या भागात काय म्हटलंय, तर श्रीमंत देशांनी, जितकं शक्य असेल तितकं, सुरक्षिततेच्या आणि पोटापाण्याच्या शोधात आलेल्या परक्या माणसाला जागा द्यायची, ते त्यांचं कर्तव्य आहे. दुसऱ्या भागात म्हटलंय की सगळ्यांच्या हितासाठी सरकार या हक्कावर कायद्याच्या अटी घालू शकतं, आणि आलेल्या माणसानं पण त्या देशाचा वारसा कृतज्ञतेनं मानायचा, कायदे पाळायचे, नागरिकांवरचा भार उचलायचा. झालं, संपला परिच्छेद. पण ज्याला बॉर्डर बंद हवीय तो दुसरा भाग फॉरवर्ड करतो, ज्याला आईसची (बिनकागदाच्या लोकांना पकडणाऱ्या सरकारी खात्याची) धरपकड थांबायला हवीय तो पहिला भाग फॉरवर्ड करतो, आणि दोघांनाही मनापासून वाटतं की चर्च आपल्याच बाजूनं आहे.

मला यात गंमत वाटते ती त्या परिच्छेदाच्या जागेची. परक्यांसाठी काही वेगळा चॅप्टर वगैरे नाहीये. तो येतो चौथ्या आज्ञेखाली, म्हणजे 'आपल्या आईबापाचा मान राख' या आज्ञेखाली. तिथून सुरुवात होते घरापासून, मग मुलं, मग समाज, मग सरकार आणि नागरिक, आणि हे सगळं चालू असताना मध्येच हा परका दारात येऊन उभा राहतो. ज्या कोणी ही मांडणी केली त्याला नक्की माहीत असणार की 'आधी आपली माणसं' म्हणणारे लोक याच आज्ञेचा आधार घेणार, म्हणून परक्याला तिथेच आणून बसवलाय.

मी स्वतः इथे नोकरीच्या व्हिसावर आलेला, ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेला मराठी कॅथलिक. म्हणजे या भांडणात मी प्रेक्षक पण आहे आणि मुद्देमाल पण. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सकाळी इंग्लिश मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनेचा विधी, होते, दुपारी स्पॅनिश, आणि या दोन मिस्सांच्या मधला जो अर्धा-पाऊण तास असतो तेव्हा पार्किंगमध्ये खरी अमेरिका बघायला मिळते. एक गर्दी बाहेर पडत असते, दुसरी आत येत असते, आणि दोघं एकमेकांना गाडी काढायला हातानं खुणा करतात, त्यापलीकडे फारसा संबंध नाही. मिस्सेत वाटला जाणारा ख्रिस्तप्रसाद एकच, पण माणसं वेगळी.

आता माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की लपवून ठेवलं. मला त्या परिच्छेदाचे दोन भाग समान वजनाचे वाटत नाहीत. पहिल्या भागात कर्तव्य आहे, दुसऱ्या भागात सरकारला दिलेली मुभा आहे, आणि ती मुभा सुद्धा सगळ्यांच्या भल्यासाठी म्हणून, मनात येईल तशी वापरायला नाही. याच्या मागे चर्चची एक जुनी समजूत आहे, की पृथ्वीवरचं जे काही आहे ते देवानं आधी सगळ्यांसाठी ठेवलं, मालमत्ता आणि सीमा या नंतर आल्या, त्या नीट व्यवस्थेसाठी लागतात म्हणून. म्हणजे बॉर्डर हवीच, पण बॉर्डर हे साधन आहे आणि माणूस साधन नाही. एवढं सांगून हे पण मान्य करतो की 'जितकं शक्य असेल तितकं' हे शब्द तिथे उगाच नाहीयेत. शक्य किती, हे ठरवताना खरीखुरी माणसं चुकू शकतात, भांडू शकतात, आणि तरी दोघंही चांगले कॅथलिक असू शकतात.

चर्च हे काल-परवापासून बोलायला लागलं असं ज्यांना वाटतं (पोप फ्रान्सिस आले आणि डावीकडे वळलं वगैरे) त्यांनी थोडं मागे जायला हरकत नाही. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांवर जे प्रसिद्ध पत्र काढलं त्यातच एक वाक्य आहे, साधारण असं की स्वतःच्या देशात धड जगता आलं तर कोणी आपली माती सोडून परक्या देशात जाणार नाही. म्हणजे स्थलांतर हा मुळात आनंदाचा विषय नाहीच, नाइलाजाचा आहे. त्याच सुमारास इटलीत पियाचेंझाचे बिशप स्कालाब्रिनी होते, त्यांनी मिलान स्टेशनवर गाठोडी घेऊन बसलेली शेकडो माणसं बघितली, अमेरिकेला निघालेली, आणि १८८७ मध्ये फक्त स्थलांतरितांसाठी म्हणून मिशनऱ्यांचा संघ काढला. याच लिओंनी मदर काब्रिनी या इटालियन ननना सांगितलं की पूर्वेला नको, पश्चिमेला जा. त्यांना जायचं होतं चीनला, आणि त्या १८८९ मध्ये उतरल्या न्यूयॉर्कला, इटालियन मजुरांच्या वस्त्यांमध्ये, जिथे बाकीच्या कॅथलिकांना सुद्धा हे इटालियन लोक नकोसे झाले होते. काब्रिनी १९०९ मध्ये अमेरिकन नागरिक झाल्या आणि १९४६ मध्ये संत. अमेरिकन नागरिक असलेली पहिली संत, आणि ती सुद्धा इमिग्रंट. मग १९५२ मध्ये पोप बारावे पायस यांनी स्थलांतरावर स्वतंत्र दस्तऐवजच काढला, आणि त्याची सुरुवात केली हेरोद राजाच्या भीतीनं इजिप्तला पळालेल्या योसेफ, मरिया आणि बाळ येशूपासून. प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा नमुना म्हणजे हे कुटुंब, असं त्यांनी लिहिलं. आणि पायसना डावं म्हणायची हिंमत अजून तरी कोणी केलेली मी ऐकली नाही.

या परंपरेतला एक धागा मात्र डाव्या बाजूचे मित्र सोयीस्कर विसरतात, तो म्हणजे स्थलांतर न करण्याचा हक्क. २००३ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोच्या बिशपांनी मिळून एक पत्र काढलं होतं, त्यात जी पाच तत्त्वं आहेत त्यातलं पहिलंच हे आहे की माणसाला आपल्या देशात राहून जगता आलं पाहिजे. दुसरं, नाहीच जमलं तर बाहेर जायचा हक्क. तिसरं, देशांना सीमा सांभाळायचा हक्क. मग निर्वासितांचं संरक्षण, आणि शेवटी, कागदपत्रं नसलेल्या माणसाची सुद्धा प्रतिष्ठा आणि हक्क जपले पाहिजेत. मला हा क्रम फार आवडतो. कारण गाव रिकामं होणं, बायका-पोरं एकटी मागे राहणं, बाप वर्षानुवर्षं फक्त फोनवर भेटणं, यात सेलिब्रेट करण्यासारखं काही नाही, आणि जे इमिग्रेशनला नुसता रंगीबेरंगी उत्सव समजतात त्यांनी हे कधी जवळून बघितलेलं नसतं.

मेक्सिकोचे एक संत आहेत, तोरिबिओ रोमो. तरुण धर्मगुरू, १९२८ मध्ये तिथल्या सरकारनं चर्चचा छळ चालवला होता तेव्हा सैनिकांनी गोळ्या घालून मारलं. २००० मध्ये दुसऱ्या जॉन पॉलनी त्यांना संत केलं. आज वाळवंटातून उत्तरेला निघालेले लोक त्यांचा फोटो खिशात ठेवतात, अनेक जण सांगतात की तहानेनं मरायला टेकलो होतो तेव्हा एका तरुण माणसानं पाणी दिलं, रस्ता दाखवला, आणि नंतर देवळातल्या फोटोवरून ओळखला. आता याच तोरिबिओंनी जिवंतपणी एक छोटं विनोदी नाटक लिहिलं होतं, आणि ते होतं गाव सोडून उत्तरेला पळणाऱ्यांची टर उडवणारं! जाऊ नका रे बाबांनो, असं म्हणणारा माणूस आता जाणाऱ्यांचा सोबती झालाय. चर्चची भूमिका कोणी मला एका मिनिटात सांग म्हटलं तर मी हीच गोष्ट सांगेन. जाऊ नये असं वाटतं, आणि निघालाच आहेस तर तहानेनं मरू देणार नाही.

आता आपल्या लोकांविषयी. अमेरिकेतल्या मराठी, किंवा एकूणच भारतीय मंडळींत इमिग्रेशनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, 'आम्ही लाइनीत उभे राहून आलो'. कॅथलिक असो, हिंदू असो, सगळ्यांचं हे एकच पेटंट वाक्य. आणि त्यात खोटं काही नाही. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग एवढी लांबलीय की काही लोक रांगेतच म्हातारे होतील, आणि या सगळ्यात कोणी तरी कुंपण ओलांडून आला आणि राहिला हे बघून पोटात दुखतं, मी समजू शकतो. पण ही लाइन आली कुठून, हे जरा बघायला पाहिजे.

१९१७ च्या कायद्यानं भारतासकट आशियाचा मोठा पट्टाच बाद केला होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद नावाचे एक शीख गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, ते नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि कोर्टानं सांगितलं की तुम्ही गोरे नाही, नागरिक होऊ शकत नाही. १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. शंभर! दार खऱ्या अर्थानं उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं, ज्याचा प्रस्ताव केनेडींनी पाठवला होता, तेच, अमेरिकेचे पहिले कॅथलिक प्रेसिडेंट, आणि सही केली जॉन्सननी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी. आपण सगळे डॉक्टर, इंजिनिअर त्या कायद्याची लेकरं. पण त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट झाली जी आपल्या पार्ट्यांमध्ये कोणी सांगत नाही. तोपर्यंत मेक्सिको आणि बाकीच्या दक्षिणेतल्या देशांना आकड्याची मर्यादाच नव्हती, ती पहिल्यांदा लागली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, मेक्सिकन शेतमजुरांना कायदेशीर आणण्याची ब्रासेरो योजना बंद केली होती, जी १९४२ पासून चालू होती आणि जिच्यात ४५ लाखांच्या आसपास करार झाले होते. शेतं तीच, माणसं तीच, टोमॅटो तोडायचं काम तेच, फक्त जे कालपर्यंत कायदेशीर होतं ते आता बेकायदा झालं. म्हणजे ज्या कायद्यानं आपल्यासाठी दार उघडलं त्यानंच त्यांच्यावर आकडा लावला, आणि आपण साठ वर्षांनी त्यांना विचारतोय की लाइनीत का नाही उभे राहिलात.

आणि लाइन तरी कुठे आहे? कमी शिकलेल्या कामगारासाठी कायम राहण्याचे जे व्हिसे आहेत ते कायद्यात वर्षाला जास्तीत जास्त १०,०००, ते पण सगळ्या जगाला मिळून. १९८६ मध्ये रेगननी सही करून जवळपास २७ लाख लोकांना कायदेशीर केलं, त्यानंतर तसं मोठं काही झालंच नाही. २०१३ मध्ये सिनेटनं ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक बिल पास केलं होतं, त्यात बॉर्डरचा बंदोबस्त पण होता आणि नागरिकत्वाचा रस्ता पण, खालच्या सभागृहानं, म्हणजे हाउसनं, ते मताला घेतलंच नाही. दोन्ही पक्षांना हा प्रश्न सुटण्यापेक्षा पेटता बरा वाटतो, हे माझं कडवट मत, आणि यात मी दोघांनाही धरतो.

चर्चमधल्या आयरिश-इटालियन आडनावांच्या लोकांचं वाक्य थोडं वेगळं असतं, 'माझे पणजोबा कायदेशीर आले होते'. अहो, युरोपातून येणाऱ्यांना तेव्हा आकड्याचा कायदा होताच कुठे? तो आला १९२० च्या दशकात, आणि १९२४ चा कायदा तर इटालियन, पोलिश अशा लोकांना अडवायलाच आणला होता. आणि त्याही आधी, कायदेशीर असून काय झालं? १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगलखोरांनी सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टिन ही कॅथलिक चर्चं जाळली. १८५५ मध्ये लुईव्हिलला मतदानाच्या दिवशी आयरिश आणि जर्मन वस्त्यांवर हल्ले झाले, कमीत कमी २२ माणसं मेली. कॅथलिक म्हणजे पोपचे गुलाम, गुन्हेगार, दारुडे, भरमसाठ पोरं काढणारे, लोकशाही यांना कळत नाही, असं सगळं तेव्हा छापून येत होतं. नववे पायस यांनी वॉशिंग्टन स्मारकासाठी संगमरवराचा एक दगड भेट पाठवला होता, तर १८५४ मध्ये काही लोकांनी तो रात्री चोरला आणि पोटोमॅक नदीत फेकला. एका दगडाची भीती! हा इतिहास मी कोणाच्या डोक्यात हाणायला सांगत नाही, कारण त्यानं कोणाचं मन बदलतं असं मला दिसलेलं नाही. उलट माणूस म्हणतो, बघा, आम्ही एवढं सोसून इथले झालो, यांनी पण व्हावं. आणि खरं सांगायचं तर त्यात पण तथ्य आहे.

मग आलं २०२५. जानेवारीच्या शेवटी उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स, जे स्वतः २०१९ मध्ये कॅथलिक झाले, त्यांनी टीव्हीवर सांगितलं की ख्रिस्ती विचार असा आहे की आधी आपलं कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव, आणि त्यानंतर उरलेलं जग. लोक तुटून पडले तेव्हा त्यांनी 'ओर्दो आमोरिस' म्हणजे प्रेमाचा क्रम, हा जुना सिद्धांत पुढे केला. आता एक गोष्ट आधी मान्य करू या, हा सिद्धांत खोटा नाही. चर्चचे जुने मोठे विचारवंत, ऑगस्टिन आणि थॉमस अक्वायनस, दोघांमध्ये आहे. जो माणूस साऱ्या मानवजातीवर प्रेम करतो आणि स्वतःच्या आईला फोन करत नाही त्याला चर्चनं कधीच मोठं मानलेलं नाही. इतकंच कशाला, थॉमसनी जुन्या करारातल्या नियमांवर लिहिताना हेही म्हटलंय की परक्यांना आल्या आल्या नागरिकत्व न देता पिढ्या जाऊ देण्यात शहाणपण होतं, कारण ज्याला अजून त्या समाजाच्या भल्याची मनापासून ओढ नाही त्याच्या हातात कारभार दिला तर नुकसान होऊ शकतं. कडक इमिग्रेशनवाले हे अवतरण काढतात तेव्हा ते काही पदरचं सांगत नसतात.

पण थॉमस नुसतं तेवढंच लिहून थांबलेले नाहीत ना. मदत कोणाला आधी करावी या प्रश्नावर ते जवळच्यांचा क्रम सांगतात आणि लगेच पुढे म्हणतात की प्रसंगी, परका माणूस टोकाच्या गरजेत असेल आणि तुमचा बाप तेवढ्या गरजेत नसेल, तर बापाच्या आधी त्या परक्याला मदत करावी. बापाच्या आधी! म्हणजे क्रम आहे, पण गरज तो क्रम मोडू शकते. इथे पण तोच २२४१ चा खेळ, अर्धा परिच्छेद वाचायचा आणि पुस्तक मिटायचं.

१० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिसनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिलं, तेव्हा ते आजारीच होते, चार दिवसांनी हॉस्पिटलमध्ये गेले. त्यात त्यांनी व्हान्सचं नाव घेतलं नाही पण प्रेमाच्या क्रमाचा शब्द मात्र नेमका घेतला, आणि म्हटलं की ख्रिस्ती प्रेम हे आपल्यापासून सुरू होऊन वर्तुळं मोठी करत जाणारं हिशोबी प्रेम नाही, खरा क्रम शोधायचा तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर (लुटून रस्त्यात टाकलेल्या माणसाला दोघं टाळून जातात आणि तिसरा, परक्या जमातीचा, मदत करतो ती येशूची गोष्ट) चिंतन करा. गंभीर गुन्हे करणाऱ्यांपासून देशानं स्वतःला वाचवावं हा हक्क त्यांनी त्याच पत्रात मान्य केलाय, हे किती लोकांनी वाचलं कुणास ठाऊक. मला शोमरोन्याच्या दाखल्यात एक गोष्ट कायम खटकायची, की येशूला विचारलं होतं 'माझा शेजारी कोण', म्हणजे किती लांबपर्यंतच्या माणसाला शेजारी धरायचं ते सांगा, यादी द्या. येशू यादी देतच नाही. शेवटी उलटा प्रश्न करतो, या तिघांपैकी शेजारी झाला कोण. यादी करणारा माणूस जागच्या जागी अडकतो. व्हान्स आणि फ्रान्सिस यांची इस्टरच्या दिवशी, २० एप्रिलला, अगदी थोडा वेळ भेट झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रान्सिस गेले. त्या भेटीचं दोन्हीकडच्या लोकांनी जे काही राजकारण केलं ते वाचून मला किळस आली, त्यावर जास्त लिहीत नाही.

जानेवारीतच व्हान्सनी असंही सुचवलं होतं की बिशपांना निर्वासितांची काळजी आहे की सरकारकडून येणाऱ्या पैशाची. यावर जे कार्डिनल भडकले ते कोण, तर न्यूयॉर्कचे तेव्हाचे आर्चबिशप डोलन, जे आठवड्याभरापूर्वी ट्रम्पच्या शपथविधीत प्रार्थना म्हणायला उभे होते! हिशोब दाखवतो, या म्हणाले. आणि हिशोब असा होता की निर्वासितांच्या पुनर्वसनात सरकारी पैसा पुरायचाच नाही, चर्च पदरचे घालायचं. पुढे एप्रिलमध्ये बिशपांनी सरकारबरोबरचे ते करारच संपवत असल्याचं जाहीर केलं. पैशासाठी करत होते म्हणणाऱ्यांनी त्यानंतर माफी वगैरे मागितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आता राजकीय फाटाफुटीचं. अमेरिकेतला कॅथलिक माणूस दोन्ही पक्षांत अर्धाच मावतो, हे जुनं रडगाणं आहे. गर्भपातावर चर्च रिपब्लिकन पक्षाच्या जवळ, इमिग्रेशन, फाशी आणि गरिबीवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या. पण प्रत्यक्षात काय होतं, तर माणूस आधी पक्ष निवडतो आणि मग चर्चच्या शिकवणीतलं त्याला जुळणारं तेवढं उचलतो, उरलेलं 'ते काय, बिशपांचं मत आहे' म्हणून बाजूला. नवे पोप चौदावे लिओ, शिकागोचे, पेरूमध्ये वर्षानुवर्षं मिशनरी म्हणून काढलेली, २०१५ पासून पेरूचे पण नागरिक, म्हणजे स्वतःच दोन देशांचे. ते सप्टेंबरमध्ये पत्रकारांना म्हणाले की गर्भपाताच्या विरोधात आहे पण अमेरिकेत इमिग्रंटांना मिळणाऱ्या अमानुष वागणुकीशी सहमत आहे असं कोणी म्हणत असेल, तर ते जीवनाच्या बाजूनं आहे की नाही मला माहीत नाही. एका बाजूचे खूष झाले. पण हे वाक्य उलट दिशेनं पण वाचता येतं, आणि खूष झालेल्यांपैकी किती जणांनी ते तसं वाचलं असेल? मी तरी माझ्या ओळखीत कोणी बघितला नाही.

नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरला बिशपांच्या बैठकीत एक खास संदेश मताला आला, सरसकट सामूहिक डिपोर्टेशनला आमचा विरोध आहे असं स्पष्ट सांगणारा, आणि त्यातच देशांना सीमा सांभाळायचा हक्क आहे हेही मान्य करणारा. मतं पडली २१६ बाजूनं, ५ विरोधात, ३ तटस्थ. याच बिशपांना गेली काही वर्षं कोणाला ख्रिस्तप्रसाद द्यावा आणि कोणाला नाही यावर एकमेकांशी धड बोलता येत नव्हतं, ते इथे एका सुरात बोलले. खाली बाकांवर मात्र चित्र वेगळं. २०२४ मध्ये कॅथलिक मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी ट्रम्पना मत दिलं, आणि त्यात लॅटिनो कॅथलिक सुद्धा बरेच होते. बॉर्डर पेट्रोलमध्ये निम्म्याच्या आसपास एजंट हिस्पॅनिक आहेत, त्यातले कितीतरी रविवारी मिस्सेला जाणारे असणार. म्हणजे पकडणारा आणि पकडला जाणारा, दोघांच्या घरात ग्वादालूपेच्या मातेचाच (मेक्सिकोतल्या मरियामातेचाच) फोटो. याला नुसतं डावं-उजवं म्हणून कसं उलगडणार?

फाटाफुटीवर कॅथलिक उत्तर काय, असं कोणी विचारलं की मला बायबलमधलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र आठवतं. तिथे सुरुवातीलाच तो चिडलाय, तुमच्यात कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी म्हणतो मी अपुल्लोसाचा. आणि अकराव्या अध्यायात तो सांगतो की तुमची फूट दिसते कुठे, तर प्रभूभोजनाच्या वेळी, एकजण आधीच खाऊन-पिऊन झिंगलेला आणि दुसरा उपाशी. म्हणजे पौलाच्या लेखी फूट म्हणजे मतभेद असणं एवढंच नव्हे, फूट म्हणजे टेबलापाशी एकाला जागा नसणं. २०२५ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्दिनोचे बिशप रोहास यांनी जाहीर केलं की इमिग्रेशनच्या धरपकडीची भीती असलेल्यांना रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून सूट आहे. जानेवारीत सरकारनं चर्च, शाळा, हॉस्पिटल अशा ठिकाणी शक्यतो कारवाई करायची नाही हा जुना संकेत काढून टाकला होता, त्याचा हा परिणाम. अशी सूट आपल्याला माहीत आहे ती कोविडमधली. आता जंतूची जागा माणसांनी घेतली होती. त्या काळात आमच्याकडे पण दुपारचं पार्किंग सैल दिसायला लागलं, आणि इंग्लिश मिस्सेतल्या कोणाच्या ते लक्षात पण आलं नाही, कारण उलट गाडी काढायला सोपं झालं होतं.

आमच्याकडे मिस्सेनंतर हॉलमध्ये कॉफी लावणारे एक आजोबा आहेत. ट्रम्पचे पक्के मतदार, लपवत नाहीत. आणि त्या महिन्यांमध्ये, ज्या घरातली माणसं बाहेर पडायला घाबरत होती त्यांच्याकडे दर आठवड्याला किराणा पोचवणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं. मी एकदा विचारलं, तुम्ही मत देऊन ज्यांना घालवताय त्यांनाच तांदूळ नेऊन देताय, हे कसं? ते म्हणाले, त्यात काय, कायदा वेगळा आणि भुकेलं पोर वेगळं. अशा माणसांवर हल्ली फार भावुक लिहिलं जातं, की बघा, राजकारणापलीकडची माणुसकी. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. त्यांचा हात मी मानतो, माझ्यापेक्षा जास्त घरं त्यांनी केली असतील. पण चर्च फक्त दया मागत नाही, न्याय पण मागतं. पोतं पोचवायचं आणि ज्या नियमामुळे त्या घराला पोतं लागतं तो नियम तसाच ठेवायला मत द्यायचं, यात काहीतरी तुटलेलं आहे. आणि हेही खरं की न्यायावर तावातावानं बोलणारे आमचे काही मित्र एकही पोतं न उचलता घरी जातात, मग तुटलेलं दोन्हीकडे आहे.

नेमका कायदा काय असावा हे बिशप सांगत नाहीत, आणि बरं आहे सांगत नाहीत. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं स्पष्ट म्हटलंय की प्रत्येक प्रश्नावर धर्मगुरूंकडे तयार तोडगा असेल अशी अपेक्षा सामान्य श्रद्धावंतांनी ठेवू नये, ते काम त्यांचं स्वतःचं आहे. माझं म्हणाल तर, वर्षानुवर्षं इथे राबलेल्यांना दंड भरून का होईना कायदेशीर करा, असायलमच्या, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांच्या, केसेस वर्षानुवर्षं लोंबकळत न ठेवता लवकर निकालात काढा, ज्यांचा दावा टिकला नाही त्यांना माणसासारखं वागवून परत पाठवा, आणि बिनकागदाच्या मजुरावर पैसा कमावणाऱ्या मालकाला आधी धरा, त्याला कोणी बेड्या घातलेल्या मी टीव्हीवर बघितल्या नाहीत. माझ्या बायकोला यातला तिसरा मुद्दा पटत नाही, ती म्हणते परत पाठवायचं कुठे, त्या गावात आता आहे कोण. आमचं यावर भांडण होतं, आणि दोघंही एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकतो. गंमत म्हणजे दोघांनाही इथे मताधिकार नाही. तो आहे कॉफीवाल्या आजोबांना.

म्हणून मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलेलं नाही. परवा त्यांना थॉमसचा तो बापाच्या आधी परक्याला मदत करण्याचा उतारा प्रिंट काढून दिला. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्या दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण टोकाची गरज कोणाची आहे हे कोण ठरवणार, मी का तू?" मी म्हटलं, आपण दोघं आणि तो स्वतः. ते म्हणाले, त्याला विचारायचं तर तो कॉफीला कधी येतो? मी म्हटलं, त्याची मिस्सा दुपारची आहे, आणि तुम्ही कॉफीचं मशीन त्याच्या आधीच बंद करून ठेवता.